लेकीला रायफल शूटिंग करायचंय, हाताशी अडीच लाख आहेत. पैसे कुठे घालू, कुठे थांबू?

तापीकाठ

राम राम मंडळी. यावल तालुक्यातून लिहितोय. घरी केळी आणि थोडी कपाशी. थोरली लेक नववीत आहे, शाळेत एनसीसीला जाते. मागच्या हिवाळ्यात कॅम्पात तिने पहिल्यांदा पॉइंट टू-टू हातात धरली, पाच गोळ्या झाडल्या आणि तो कागद घडी घालून घरी आणला. चार भोकं चहाच्या कपाच्या तोंडाखाली झाकली जातात, पाचवं बोटभर बाहेर आहे. तो कागद आमच्या कोठीच्या दाराला आतून चिकटवलाय. रोज शाळेत जाताना ती त्या पाचव्या भोकाकडे बघून जाते.

तिला हा खेळ पुढे न्यायचाय. मी शब्द दिलाय. यंदा माल बरा गेला, त्यातले अडीच लाख बाजूला काढून ठेवलेत. पण तीन बाजूंनी तीन सल्ले आले आणि माझं डोकं चालेना.

शहरातला एक दुकानदार म्हणतो, हवेच्या दाबावर चालणारी जर्मन एअर रायफल घ्या, सव्वादोन लाखात देतो, एकदाच काय तो खर्च. अमेरिकेतला माझा मावसभाऊ म्हणतो, रायफल स्वस्त घे, दुर्बीण महाग घे. आणि गावातली मंडळी म्हणतात, दुर्बीण लावलेलीच घे, पोरीचा खेळही होईल आणि मक्यात घुसणारी रानडुकरंही आटोक्यात येतील.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी सांगा. नंतर कर्ज काढायची वेळ येऊ नये एवढंच बघतोय.

पांझराकाठ_धुळे

भाऊ, आधी रानडुकराचं मिटवून टाकू, मग खेळाचं बोलू.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या कलम ९ ने आपल्याकडे शिकार बंद आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत परवानगी द्यायची तर ती कायद्यातल्या रीतीने, सरकारी अधिकाऱ्याकडून, लेखी. ‘माझं शेत, माझी बंदूक’ हे चालत नाही. नुकसान झालं की लगेच वनखात्याकडे अर्ज टाका, पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. आणि दहा मीटरच्या खेळाची एअर रायफल डुकरावर चालवलीत तर ते मरत नाही, जखमी होऊन उलटतं. मी फौजेत होतो, जखमी रानडुक्कर काय करतं ते पाहिलंय. पोरीच्या खेळाचं आणि शेताच्या राखणीचं हत्यार एक, हा विचार आजपासून सोडा.

आता कायद्याची दुसरी बाजू. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट वन-सेव्हन-सेव्हनपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन दुकानातून मिळते. दहा मीटरच्या स्पर्धेची रायफल आठ ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे त्या रेषेच्या बरीच आत. पॉइंट टू-टू मात्र अग्निशस्त्र झालं. त्याला परवाना, क्लबचं सदस्यत्व, स्पर्धेतली कामगिरी, सगळं लागतं. ते आत्ता डोक्यात घेऊच नका. लेकीने सुरुवात दहा मीटर एअर रायफलपासून करावी.

आणि रायफल आत्ता विकत घेऊ नका. का ते ज्यांनी पोरं वाढवलीत त्यांच्याकडून ऐका, मी फक्त नेम शिकवलाय, बिलं भरलेली नाहीत.

गिरणाकाठ

पोरगीले शिकू दे भाऊ. पैसा येस आनि जास. त्या कागदाला काच लावून घे, उन्हाळ्यात पिवळा पडेल.

जंक्शनची_आई

तापीकाठ दादा, मी भुसावळची. माझा मुलगा तीन वर्षं दहा मीटर एअर रायफल खेळतोय. घरातला हिशेब मीच लिहिते, म्हणून वहीच समोर घेऊन बसले आहे.

दुकानदाराच्या ‘एकदाच काय तो खर्च’ या वाक्यावर आमचं घर फसता फसता वाचलं. या खेळात रायफल हा सगळ्यात मोठा आकडा दिसतो, पण घराला दमवतो तो दर महिन्याचा खर्च. आमच्या दुसऱ्या वर्षाचे आकडे देते. हे आमच्या घरचे आहेत, तुमचे थोडे इकडेतिकडे होतील.

क्लबची फी महिना दीड हजार, वर्षाचे १८,००० रुपये. सरावाच्या पॅलेटचा, म्हणजे एअर रायफलीच्या छोट्या गोळ्यांचा, ५०० चा डबा आम्हाला सहाशेला पडायचा. मुलगा रोज ऐंशीच्या आसपास मारायचा, महिन्यातले चोवीस दिवस, म्हणजे महिन्याला जवळपास चार डबे. वर्षाचे २८,८०० झाले. स्पर्धेसाठी मॅचचे चांगले पॅलेट वेगळे, डबा तेराशेला, सहा डबे लागले, ७,८००. पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर तीनदा गेलो. महाराष्ट्र एक्स्प्रेसची दोन तिकिटं, तीन रात्री लॉज, जेवण, प्रवेश फी धरून एका खेपेला नऊ हजार, तीन खेपांचे २७,०००.

बेरीज ८१,६०० रुपये. यात रायफल नाही, जॅकेट नाही. महिन्याला ६,८०० धरा.

आता तुमच्या अडीच लाखातून सव्वादोन लाखाची रायफल वजा करा. हातात उरतात २५,०००. त्यात खेळ पावणेचार महिने चालेल. पाचव्या महिन्यात कपाटात जर्मन रायफल असेल आणि पॅलेट नसतील. आमच्याच क्लबात एका मुलीचं हे झालंय. फार गुणी मुलगी होती. तिच्या वडिलांनी कर्ज काढून रायफल घेतली आणि रोजच्या खर्चाला पैसे उरले नाहीत म्हणून तिचा सराव आठवड्यातून एक दिवसावर आला. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून माझं सांगणं: पहिलं वर्ष क्लबच्या रायफलीवर काढा. बऱ्याच क्लबात शिकणाऱ्यांसाठी रायफली असतात, फीमध्येच वापरायला मिळतात. त्या वर्षी स्पर्धाही कमी असतील, साठ-सत्तर हजारात भागेल. वर्षभरात दोन गोष्टी कळतील. पोरीला रोजचा कंटाळवाणा सराव आवडतो का, आणि तिचं शरीर कुठवर वाढतंय.

हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. जॅकेट आणि ट्राउजर मापाने शिवतात. जाड कॅनव्हास आणि चामडं, अंगावर चढवलं की माणूस खांबासारखा उभा राहतो. आम्ही घाईने चौदाव्या वर्षी शिवलं, २८,००० रुपये गेले. आठ महिन्यांत मुलगा चार बोटं वाढला आणि कोपराची जागा दंडावर आली. शिलाई उसवून वाढवता येत नाही, कारण स्पर्धेत कापडाची जाडी आणि कडकपणा यंत्राने तपासतात. नववीतल्या मुलीला आत्ता नवं जॅकेट शिवू नका. क्लबात कुणाचं तरी लहान झालेलं मिळतं का बघा.

तापीकाठ

ताई, तुमचे आकडे मी वहीत उतरवून घेतले. बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘हे कुणीतरी संसार केलेल्या बाईने लिहिलंय.’ पावणेचार महिन्यांवर आम्ही दोघं गप्प बसलो.

एक विचारतो. दुर्बिणीचं काय? मावसभाऊ एवढा जोर देऊन का सांगत होता?

सातपुडा_ते_रॉकीज

तो मावसभाऊ मीच. फोनवर घाईत अर्धवट बोललो आणि तुला चुकीच्या वाटेला लावलं, म्हणून इथे नीट लिहितो.

मी कॉलोराडोत राहतो. मूळ पाल गावाजवळचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. इथे माझा छंद लांब पल्ल्याचा आहे. हजार यार्डांवर लोखंडी पाटी टांगतात, ती वाजवायची. आणि वर्षातून एकदा, परवाना काढून, एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षा मोठं हरीण. इथे १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा परवाना काढण्याआधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. व्हिसावर होतो तोवर मी या भानगडीत पडलो नाही, ग्रीनकार्ड आल्यावर सुरू केलं.

माझा अनुभव असा. पहिल्या वर्षी हातात तीन हजार डॉलर होते. साडेसहा क्रीडमूर नावाच्या कॅलिबरची बरी रायफल अकराशेला घेतली आणि दुर्बीण तीनशेची लावली. शंभर यार्डांवर सगळं छान. मग आठशे यार्डांवर गेलो. लांबवर गोळी खाली पडते, म्हणून दुर्बिणीवरची चकती फिरवून नेम वर घ्यावा लागतो आणि परत शून्यावर आणावा लागतो. माझी चकती शून्यावर आली तरी गोळी शून्यावर येईना. कधी चार इंच डावीकडे, कधी वर. अख्खा उन्हाळा मी स्वतःच्या बोटाला आणि श्वासाला दोष देत राहिलो. शेवटी रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने शंभर यार्डांवर कागद लावला आणि म्हणाला, वीस टिचक्या वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरव, प्रत्येक कोपऱ्यात एक गोळी मार आणि शेवटची परत पहिल्या भोकात गेली पाहिजे. कागदावर चौकोन यायला हवा होता, आला वाकडातिकडा पतंग. बिघाड दुर्बिणीत होता. चौदाशे डॉलरची दुसरी घेतली आणि तीनशे वाया गेले.

एक मिनिटाचा कोन, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, ज्याला इथे एमओए म्हणतात, तो शंभर यार्डांवर एक इंचाच्या किंचित वर असतो, हजार यार्डांवर साडेदहा इंच. जवळ चालून गेलेली चूक लांबवर दहापट होते. म्हणून लांबच्या खेळात दुर्बिणीला रायफलीइतका, कधी जास्तच पैसा ठेवावा लागतो. शिवाय दुर्बीण बसवायच्या रिंगा, त्यांच्या खालची पट्टी, रायफल टेकवायची दुपायी आणि मागची वाळूची पिशवी यांचे साडेचारशे धर. उरलेले सगळे गोळ्यांना. मॅचची एक गोळी दोन डॉलरच्या आसपास पडते, महिन्याला शंभर मारल्या तर दोनशे डॉलर. आणि दोन-अडीच हजार गोळ्यांनंतर या कॅलिबरची नळी झिजते, ती बदलायचा खर्च आधीच धरायचा असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक चूक सांगतो. एकाच रायफलीत खेळ आणि शिकार दोन्ही बसवायला गेलो. पाटीवर मारायला जड रायफल बरी, पंधरा पौंडांची असली तर हलत नाही. ऑक्टोबरमध्ये दहा हजार फुटांवर बर्फातून तीच खांद्यावर घेऊन चढलो तेव्हा पहिल्या टेकडीवरच छाती भरून आली. शिकारीला दुर्बिणीसकट आठ-नऊ पौंडांच्या वर नको. शेवटी दोन वेगळ्या केल्या. आणि पाटी हजार यार्डांवर वाजवत असलो तरी जनावरावर मी तीनशेच्या पुढे गोळी मारत नाही. पाटी जखमी होत नाही.

तुझ्या लेकीच्या खेळात यातलं काहीच नाही. तिच्या खेळात दुर्बीण चालतच नाही. माझ्या बोलण्यातलं एकच उचल: हत्याराला सगळे पैसे देऊ नकोस, रोजच्या गोळीला ठेव.

पांझराकाठ_धुळे

मावसभाऊंनी मनापासून लिहिलंय.

दहा मीटरला पीप साइट असते. मागे बारीक भोक, पुढे नळीच्या टोकाला गोल कडी, आणि त्या कडीत कागदावरचा काळा गोल बरोबर मध्ये आणायचा. काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, आणि त्याच्या पोटात दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. पॅलेट स्वतः साडेचार मिलिमीटरचं. ज्वारीच्या दाण्याने खसखशीचा दाणा झाकायचा, असं मी पोरांना सांगतो.

मुख्य स्पर्धेत साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं. मोठ्या स्पर्धेत गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, म्हणून साठ शॉटचे ६५४. पाय, कंबर, पाठ यांनी उभं राहायचा खेळ आहे हा. घरी अर्धा तास रिकामी रायफल धरून भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम लावायचा, त्याला ड्राय फायर म्हणतात. त्याला एक पैसा लागत नाही. जंक्शनच्या ताईंचे पॅलेटचे २८,८०० निम्म्यावर आणायचे असतील तर हा उपाय आहे, आणि त्यातून नेमही सुधारतो.

कळण्याची_भाकर

शाळेच्या स्पर्धा असतात ना यात? की सगळं क्लबातूनच?

पांझराकाठ_धुळे

असतात. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये एअर रायफलचे ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट असतात, वयाप्रमाणे चौदा, सतरा, एकोणीसखाली. ओपन साइट म्हणजे नळीच्या टोकाला साधी माशी आणि मागे खाच, त्याची देशी रायफल पीप साइटच्या विलायती रायफलीच्या मानाने फारच स्वस्तात मिळते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन यंदाच्या तारखा विचारा, शाळेमार्फत नाव जातं. क्लबाच्या वाटेने राज्य स्पर्धा, मग मावळणकर नावाची देशपातळीची पात्रता स्पर्धा, मग नॅशनल. प्रत्येक पायरीला ठराविक गुण गाठावे लागतात.

आणि राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे, निवासी. २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे तीन पवित्र्यांच्या प्रकारात, कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे त्याच वाटेने आला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा.

जंक्शनची_आई

आणि तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता! त्या दिवशी, १ ऑगस्टला, आमच्या रेल्वे क्वार्टरात मोबाइलवर पंधरा जण एकत्र बसून फायनल बघत होतो. ४५१.४ वर तिसरा आला तेव्हा शेजारच्या गार्डकाकांनी पेढे आणले. माझ्या मुलाने त्यानंतर आठवडाभर सकाळी पाचचा गजर लावायला मला सांगितलं नाही, स्वतः उठला.

अरुणावती

मी शिरपूरचा, एकवीस वर्षांचा, पाच वर्षं खेळतोय. जुनी रायफल घ्यायचा विषय येणारच, म्हणून माझी चूक लिहून ठेवतो. काका, हे नीट वाचा, कारण यात पैसा असा जातो की कळत नाही.

दुसऱ्या वर्षी मी जुनी घेतली, ८५,००० ला. विकणारा ओळखीतून आला होता, नाव लिहीत नाही. रायफल सुंदर होती. लाकूड गुळगुळीत, घोडा हलका, स्कोअर आठवड्यात सहा गुणांनी वर गेला. वडिलांनी त्यासाठी ट्रॅक्टरची ट्रॉली विकली होती.

राज्य स्पर्धेला गेलो. खेळण्याआधी इक्विपमेंट कंट्रोल, म्हणजे साहित्याची तपासणी, असते. टेबलावर रायफल ठेवली. वजन केलं, घोडा बघितला. मग तिथल्या बाईंनी नळीखालची हवेची टाकी हळूच फिरवली, चष्मा वर केला आणि टाकीच्या मानेजवळ कोरलेले बारीक आकडे वाचले. महिना आणि वर्ष. मी वर्षभर ती टाकी रोज हातात धरली होती, ते आकडे मी कधी वाचलेच नव्हते. बाई म्हणाल्या, ‘बाळा, हिची मुदत संपली.’

आंतरराष्ट्रीय नियमात हवेच्या टाकीची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. त्यानंतर ती स्पर्धेत चालत नाही, कारण आत दोनशे बार दाबाची हवा असते आणि ती टाकी खेळाडूच्या गालापासून वीतभर अंतरावर असते. विकणाऱ्याला हे माहीत होतं. त्या दिवशी पुण्याच्या एका मुलाने त्याची जादा टाकी दिली म्हणून मी खेळलो. त्याचे उपकार विसरणार नाही. नंतर नव्या टाकीला बावीस हजार लागले आणि दोन महिने वाट बघितली.

जुनी घेताना पहिलं काम, टाकीवरची तारीख वाचा. सात-आठ वर्षं जुनी असेल तर नव्या टाकीचा पैसा किमतीतून वजा करून बोला. मग पूर्ण भरून एक रात्र ठेवा, सकाळी काटा खाली आला तर सील गेलंय. उजव्या हाताची की डाव्या, हे बघा. क्लबच्या गुरुजींना सोबत घेऊन जा, आणि शिकंजात बांधून पाच पॅलेट मारून बघा, पाचही एका भोकात गेली पाहिजेत.

आपल्याकडच्या उन्हाचंही लक्षात ठेवा. मे महिन्यात पंचेचाळीस अंश असतं, बंद गाडीत भरलेली टाकी ठेवायची नाही, आत दाब वाढतो. मी एसटीने जाताना रायफल मांडीवर घेतो, टपावर कधीच नाही.

तापीकाठ

बाळा, तुझ्या वडिलांची ट्रॉली वाचून पोटात तुटलं. परत घेतली का?

अरुणावती

मागच्या दिवाळीला घेतली काका. मी आता क्लबात लहान मुलांना शिकवतो, त्याचे थोडे पैसे मिळतात.

केळी_आणि_कपाशी

मीही शेतकरी आहे, म्हणून विचारतो. घरी दहा मीटर जागा सहज आहे, खताच्या गोदामात. तिथे रेंज केली तर रोजचा एसटीचा फेरा वाचेल का?

पांझराकाठ_धुळे

वाचेल, पण सगळा नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस गुरुजींसमोर उभं राहायलाच हवं, नाहीतर चुकीची सवय पक्की होते.

घरी करायचं तर लक्ष्याच्या मागे पक्की भिंत, आणि लक्ष्याच्या जागी पोलादी पत्र्याचा पेटारा, आतला पत्रा खाली झुकता म्हणजे पॅलेट आपटून खाली पडेल, उलटून येणार नाही. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. गोदामाला दुसरं दार असेल तर सराव चालू असताना आतून कडी. कुणीही, मांजरसुद्धा, मध्ये येता कामा नये. डोळ्याला चष्मा.

आणि पॅलेट शिशाची असतात, भाऊ. खताच्या गोदामात शिशाची धूळ आणि धान्य एकत्र नको. झाडू मारून धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. पोरांच्या पोटात शिसं जाणं वाईट असतं. रायफल आणि पॅलेट वेगवेगळ्या कुलपात. परवाना लागत नाही म्हणजे खेळणं झालं, असं नाही.

सातपुडा_ते_रॉकीज

हे शेवटचं वाक्य मी इथे घरात लावतोय. माझी पोरं सहा आणि नऊ वर्षांची आहेत.

जंक्शनची_आई

तापीकाठ दादा, एका गोष्टीबद्दल कुणी बोललं नाही. पुढे यातून काही मिळतं का, असं सासरचे, माहेरचे सगळे विचारतात, तुम्हालाही विचारतील. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, रेल्वे खेळाडूंची भरती करते. पण ते ठराविक पातळीवर खेळल्यावरच, आणि प्रमाणपत्र पडताळून घ्यावं लागतं. त्या भरवशावर पैसे घालू नका. माझा मुलगा राज्यापर्यंत गेलाय, नॅशनलचे गुण आतापर्यंत दोनदा हुकले. तरी मी वही बंद केलेली नाही. तो आता रागावला की उत्तर देण्याआधी श्वास सोडतो. मी बघते ते.

तापीकाठ

सहा आठवड्यांनी परत लिहितोय. उशीर झाला, माफी असावी. केळीची कटाई होती.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. दुकानदाराला नाही म्हणून सांगितलं. जळगावच्या क्लबात लेकीचं नाव घातलं. आठवड्यातून तीन दिवस एसटीने जाते, दोन दिवस मी सोबत, एक दिवस तिची आत्या. गुरुजींनी पहिले बारा दिवस रायफल भरायलाच दिली नाही. नुसतं उभं केलं. डावं कोपर बरगडीखाली, वजन दोन्ही पायांवर, आणि रायफल खाली ठेवताना दर वेळी नळी लक्ष्याकडेच. मला वाटलं पोरगी कंटाळेल. ती घरी येऊन न्हाणीच्या दारासमोर तशीच उभी राहायची, तिची आजी म्हणायची, ‘हिला पोलिसांनी उभं केलंय का?’

तेराव्या दिवशी दहा पॅलेट दिली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. पहिला शॉट पाच. दुसरा सात. मग तिने रायफल खाली ठेवली, बाजूच्या टॉवेलला हात पुसले आणि पूर्ण एक मिनिट काही केलं नाही. गुरुजी माझ्याकडे बघून हसले. तिसरा नऊ. दहाची बेरीज ७३. कागद घरी आणलाय, कोठीच्या दारावर पहिल्याच्या शेजारी लावलाय. काच लावून घेतली, गिरणाकाठ भाऊंनी सांगितल्याप्रमाणे.

नवा हिशेब असा धरलाय. पहिल्या वर्षी ६५,०००, फी, पॅलेट, एसटी आणि जिल्ह्याच्या स्पर्धा. दुसऱ्या वर्षी ती वाढायची थांबली आणि गुरुजी हो म्हणाले तर जुनी रायफल, टाकीची तारीख वाचून, १,२०,००० पर्यंत. उरलेले ६५,००० बँकेत वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही, ते दुसऱ्या वर्षाच्या पॅलेटचे आणि पुण्याच्या खेपांचे. तिसऱ्या वर्षाचं केळीवर बघू.

रानडुकरांसाठी वनखात्यात अर्ज टाकला, पंचनामा झाला. गावातल्यांना काय सांगायचं ते पांझराकाठ दादांचं लिहिणंच वाचून दाखवलं, दोघांनी त्यांच्या शेतासाठीही अर्ज टाकले.

एक अडचण राहिली. क्लबातलं जॅकेट तिला फार मोठं होतं, खांद्यावरून घसरतं, आणि रायफलीचं बूड त्यावर बसत नाही. नवं तर शिवायचं नाही ठरवलंय.

जंक्शनची_आई

माझ्या मुलाचं पहिलं, ते आठ महिन्यांत लहान झालेलं, ट्रंकेत आहे. नॅप्थलिन घालून ठेवलंय. पाच फूट एक इंचाचं माप होतं. मुलीचं माप वेगळं बसेल, पण कमरेचे पट्टे सैल-घट्ट होतात. रविवारी मुलाला घेऊन जळगावला येतेय, अकराला रेंजवर असू. लेकीला घेऊन या, घालून बघू. पैशांचं बोलायचं नाही.

तापीकाठ

येतो ताई. तिची उंची आत्ता दाराच्या चौकटीला लावून मोजली. पाच फूट अर्धा इंच.